रुग्णसाहित्य केंद्र, जेल रोड, नाशिकरोड: जुलै ते डिसेंबर 2025 च्या कामाच्या नोंदी

7 जुलै 2025, सोमवार

रुग्णांना घरी वापरायला आपण अनामत घेऊन जे साहित्य देतो, त्याचा साठा मोजायला घेतला. दोन खोल्या आणि गॅलरी मिळून सगळा पसारा आहे: व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या, कुबड्या, हवेच्या गाद्या, हँडलने वर-खाली होणारे फाउलर बेड आणि कोविडनंतर लोकांनी आणून दिलेली ऑक्सिजन मशीन. वहीत आहे तेवढं खोलीत नाही, आणि खोलीत आहे त्यातलं बरंचसं देण्याजोगं नाही. ब्रेक न लागणारी खुर्ची देण्यापेक्षा न दिलेली बरी.

माणसांचं मात्र उलट आहे. जेल रोड, उपनगर, बिटको चौक या पट्ट्यात निवृत्त माणूस नाही असं घर सापडणं कठीण. कुणी नोटांच्या प्रेसमधून, कुणी एसटीतून, कुणी शाळेतून, तर कुणी अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून. त्यांच्यातलं कुणी ना कुणी अधूनमधून केंद्रात येतं, "काहीही काम सांगा, ताई" म्हणतं, चार दिवस बसतं आणि मग यायचं थांबतं. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याने पस्तीस वर्षं यंत्रावर काढली त्याच्या हातात पत्रकांचा गठ्ठा देऊन घड्या घालायला बसवलं, तर तो किती दिवस येईल?

म्हणून यापुढे नवीन माणसाला पहिला प्रश्न एकच विचारायचा: नोकरीत नेमकं काय करत होतात? पदाचं नाव ऐकायचं नाही, हाताचं काम ऐकायचं. त्यातलं इथे काय लागू पडतं ते शोधणं ही माझी जबाबदारी.

10 जुलै, गुरुवार

करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले काका आले. 1928 पासून इथे नोटा छापल्या जातात, त्यामुळे नाशिकरोडच्या माणसाला त्या कारखान्याचं अप्रूप नाही. पण आतलं काम काय असतं हे मी आज पहिल्यांदा नीट ऐकलं. ते तपासणीत होते. छापलेला कागद बघायचा, दोष हेरायचा, मोजायचं, पुन्हा मोजायचं.

साठ्याची वही त्यांनी चाळली आणि विचारलं, "नंबर कुठे आहेत?" आपल्या वहीत "व्हीलचेअर, निळी" अशा ओळीच ओळी. कुठली निळी, हे देणाऱ्यालाच ठाऊक.

दुपारपर्यंत त्यांनी पद्धत बसवली. खुर्चीला ख, वॉकरला व, गादीला ग, पलंगाला प, आणि पुढे आकडा. आकडा ऑइल पेंटने लोखंडी सांगाड्यावर, सीटच्या खालच्या बाजूला, कारण चिकटवलेली पट्टी दोन धुण्यांत निघून जाते. भंगारात गेलेल्या वस्तूचा नंबर पुन्हा कुणालाही द्यायचा नाही.

मी विचारलं, दोन मोडक्या खुर्च्या जोडून एक चांगली केली तर तिला कुणाचा नंबर? त्यावर ते खुलले. छपाईत एखादी नोट खराब निघाली की ती बाद होते आणि गड्डी पुरी करायला तिच्या जागी तारा असलेली नोट लावतात. 2006 पासून रिझर्व्ह बँकेने ही तारांकित मालिका आणली. क्रमांकातल्या अक्षरांच्या आणि आकड्यांच्या मध्ये बारीक तारा असतो. "आपणही तारा लावू," ते म्हणाले. म्हणजे जोडून केलेली खुर्ची बघताक्षणी कळेल आणि तिच्या सांध्यांकडे जास्त लक्ष जाईल. ठरलं.

16 जुलै, बुधवार

ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, निवृत्त झालेले फिटर काका आले. अमृतधामला राहतात, म्हणजे इथवर यायचं तर दोन बस. स्वतःची पेटी घेऊन आले होते.

"ब्रेक नादुरुस्त" अशी चिठ्ठी लावून कोपऱ्यात लावलेल्या खुर्च्या त्यांना दाखवल्या. ब्रेककडे बघण्याआधी त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिले. व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबला जाणारा दांडा. टायरमध्ये हवा कमी असेल तर तो दांडा टेकतो, पण धरत नाही. सायकलच्या पंपाने हवा भरली आणि त्यातल्या निम्म्या खुर्च्यांचे ब्रेक जागच्या जागी लागले. बाकीच्यांत दांड्याचा बोल्ट ढिला करून क्लॅम्प जरा पुढे सरकवायचा होता. एवढ्यासाठी या खुर्च्या वर्षभर अडगळीत होत्या आणि आपण लोकांना "शिल्लक नाही" सांगत होतो.

पुढची लहान चाकं काढली तर आसाभोवती केस आणि धाग्यांचे घट्ट वेढे. घराघरांतून फिरताना ते गुंडाळले जातात, चाक अडतं, खुर्ची एका बाजूला ओढते आणि ढकलणाऱ्याला वाटतं खुर्चीच वाकडी आहे. वेढे कापले, बेअरिंग पुसले, ग्रीस भरलं. ज्या बेअरिंगची खरखर गेली नाही ती बदलायला बाजूला काढली.

काकांची एक अट आहे. काम करायचं ते टेबलावर, चांगल्या उजेडात, वाकून नाही. बरोबर आहे. गॅलरीत जुनं शाळेचं टेबल आणि वर ट्यूबलाइट लावून घेतली. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस तीन तास उकिडवा बसेल ही अपेक्षा मुळात ठेवूच नये.

25 जुलै, शुक्रवार

सिस्टर आजपासून शुक्रवारी येणार. सरकारी दवाखान्यात अस्थिरोग वॉर्डात त्यांची बरीच वर्षं गेली. आल्या आल्या त्यांनी नियम घातला: वस्तू नुसती उचलून द्यायची नाही. रुग्णासोबत जो घरात राहणार आहे त्याला करून दाखवायची आणि त्याच्याकडून करून घ्यायची.

आज एक मुलगा आईसाठी वॉकर न्यायला आला. आईची उंची विचारली तर त्याने आपल्या खांद्याकडे हात केला. सिस्टरनी त्याला परत पाठवलं, पण मोजायचं काय ते सांगून. आईला चप्पल घालून सरळ उभं करायचं, हात सैल सोडायला सांगायचे आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोजायचं. मूठ तेवढ्या उंचीला आली की कोपर किंचित वाकतो आणि हाताला जोर मिळतो. वॉकर उंच झाला तर खांदे वर चढतात, बुटका झाला तर माणूस पुढे वाकतो. तासाभरात तो माप घेऊन आला, वॉकरच्या पायांच्या खिट्ट्या त्या मापाला लावल्या.

काठी बहुतेक लोक दुखऱ्या पायाच्या बाजूच्या हातात धरतात. ती दुसऱ्या हातात हवी. कुबडीचा वरचा भाग काखेत रुतता कामा नये, दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, भार तळहातावर. काखेवर भार टाकून चालणाऱ्यांचे हात बधिर पडतात, कारण तिथली नस दाबली जाते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

हवेच्या गादीबद्दल त्या सर्वांत कडक आहेत. पंप चालू आहे म्हणजे काम झालं असं नाही. रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली, गादी आणि पलंगाच्या मध्ये हात घालून बघायचं. हाताला हाड टेकत असेल तर हवा कमी आहे. आणि गादी कितीही चांगली असली तरी कूस बदलायची ती बदलायचीच. घरच्यांना वाटतं गादी आणली की सुटलो, आणि मग पाठीला जखमा होतात.

हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावलं आहे. तरीही सिस्टरनी हात धरून दाखवण्याची सर कागदाला नाही.

11 ऑगस्ट, सोमवार

परत न आलेल्या वस्तूंची यादी तयार. फोन कुणी करायचा हा जुना प्रश्न. आम्ही केले की लोक बिथरतात किंवा खोटं बोलतात.

मनपा शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी काम घेतलं. त्यांच्या शेजारी बसून ऐकलं. त्या "पेशंट कसे आहेत?" असं कधीच विचारत नाहीत. कारण पेशंट गेलेले असतात, आणि समोरच्याला ते अनोळखी माणसाला सांगावं लागतं. त्या विचारतात, "आमची खुर्ची नीट चालतेय ना? चाकं वगैरे अडत नाहीत ना?" मग समोरचा माणूस आपणहून बोलतो. कुणी म्हणतं, आई आता चालते, खुर्ची माळ्यावर आहे, नेऊन टाका. कुणी थोडा वेळ गप्प राहतं. तेव्हा बाईही गप्प राहतात. वस्तूचा विषय त्या दुसऱ्या फोनवर ढकलतात.

माझा विश्वास आहे की केंद्रातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, आणि ते आपण आजवर हाताशी असेल त्याच्यावर ढकलत होतो. वर्गात साठ मुलं आणि त्यांचे पालक सांभाळलेल्या बाईंना ते सहज जमतं असं बघणाऱ्याला वाटतं. सहज नाही. प्रत्येक फोनआधी त्या नोंद वाचतात, चष्मा काढून थोडं थांबतात, मग नंबर लावतात.

26 ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. दहा दिवस केंद्र फक्त सकाळी. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो हे खरं नाही. नातवंडांच्या शाळा, स्वतःच्या तपासण्या, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या, सण. म्हणून प्रत्येक कामाला दोघं नेमले. प्रेसच्या काकांसोबत त्यांचे जुने सहकारी, सिस्टरसोबत एक निवृत्त आया मावशी. एकाने सुटी घेतली तर दुसऱ्याला सांगायचं, मला नाही.

9 सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष सुरू झाला आणि फोन वाढले. वडिलांच्या तिथीला वडिलांची खुर्ची केंद्राला द्यायची आहे, आईचा पलंग द्यायचा आहे. घ्यायला गेलेल्यांनी घाई करायची नाही, चहा दिला तर बसून घ्यायचा.

बँकेतल्या काकांनी अनामतीचा गुंता सोडवायला घेतला. लोक वस्तू परत करताना म्हणतात, अनामत राहू द्या, देणगी धरा. आपण "बरं" म्हणून पैसे तसेच ठेवत आलो. काकांचं म्हणणं स्पष्ट आहे: अनामत हे आपलं उत्पन्न नाही, ते लोकांचं देणं आहे. त्याचं खातं वेगळं, आणि कुणी देणगी म्हणालं तर आधी अनामत परत दिल्याची सही, मग देणगीची पावती. आयकरात 80जी ची सवलत हवी असेल तर पॅन लागतो, आणि रोख देणगी 2000 रुपयांच्या वर असेल तर ती सवलतीत धरली जात नाही, चेक किंवा यूपीआय घ्यायचं. हे देणाऱ्याला आधीच सांगायला हवं.

मार्चअखेरपासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावं लागतं. म्हणजे हा महिना काकांचा. त्यांनी जुनी किर्द घरी न्यायला मागितली, मी नाही म्हटलं, कारण कागद केंद्राबाहेर जात नाहीत. ते म्हणाले, "हेच ऐकायचं होतं."

26 सप्टेंबर, शुक्रवार

फिटर काका आज लवकर आले, पण पेटी उघडली नाही. चंदीगडला मिग-21 ला निरोप होता, मोबाइलवर बघायचा होता. आम्ही सगळेच टेबलाभोवती बसलो. ओझरला या विमानांचा सांगाडा तयार व्हायचा, इंजिनं कोरापुटला. काका नोकरीला लागले तेव्हा मिग-21 चं बिस हे रूप बनत होतं. रिव्हेट मारायच्या आधी भोक कसं साफ करायचं, एक रिव्हेट वाकडी गेली तर काय करायचं, हे त्यांनी सिस्टरना इतकं बारकाईने सांगितलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर काकांनी एक सवय सगळ्यांना लावली. काम सुरू करताना हत्यारं मोजायची, संपताना पुन्हा मोजायची. विमानात विसरलेला पाना जीव घेऊ शकतो. आपल्याकडे पलंगाच्या स्क्रूमध्ये राहिलेला नट रुग्णाच्या पाठीखाली जाऊ शकतो. पेटीच्या झाकणावर आता हत्यारांची आकृती काढली आहे, जे नाही त्याची जागा रिकामी दिसते.

4 ऑक्टोबर, शनिवार

पेठ तालुक्यातली खुर्ची. दीड वर्षापूर्वी दिलेली, फोन लागत नाही.

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका म्हणाले, मी जाऊन येतो. त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे, त्यामुळे 2022 पासून एसटीचा प्रवास त्यांना मोफत, आणि त्या बाजूच्या गाड्या कधी सुटतात, घाटात पाऊस असला की किती उशीर होतो, हे त्यांना तोंडपाठ. एकट्याने जायचं नाही या बोलीवर प्रेसच्या काकांचे सहकारी सोबत गेले.

संध्याकाळी परत आले ते रिकाम्या हाताने. ज्यांच्यासाठी खुर्ची नेली होती ते आजोबा मागच्या वर्षीच वारले. खुर्ची गावातच, दोन घरं सोडून, झाडावरून पडून कमरेखालचं बळ गेलेल्या एका तरुणाकडे आहे. तो तिच्यावरून अंगणापर्यंत येतो. काकांनी खुर्ची तपासली, चाकांतले वेढे काढले, जुनी नोंद बंद केली आणि त्याच्या नावाने नवीन नोंद करून अंगठा-सही घेतली. अनामत मागितली नाही.

यावर केंद्रात बराच वेळ बोलणं झालं. बँकेतल्या काकांचं मत की अनामतीचा नियम सगळ्यांना सारखा. एसटी काकांचं मत की नियम वस्तू परत यावी म्हणून आहे, आणि वस्तू तर कामावर आहे. दोघंही तळमळीने बोलत होते. मी एसटी काकांच्या बाजूची आहे. आपली मोजपट्टी "परत किती आल्या" ही नको, "वापरात किती आहेत" ही हवी. पण हे एकेकाच्या मर्जीवर राहू नये, म्हणून विषय कार्यकारिणीपुढे ठेवते.

17 ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. सिस्टरच्या सांगण्यावरून वॉकर आणि कमोड खुर्च्या धुऊन, रबरी बुटं बदलून तयार ठेवल्या. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, न्हाणीघरात तेल सांडलेलं, अपुरा उजेड, आणि म्हातारं माणूस घसरतं. बाईंनी सगळ्या जुन्या कुटुंबांना निरोप पाठवला: तेल खोलीत स्टुलावर बसवून लावा, न्हाणीघरात नको.

पाडवा सोडून बाकी दिवस किल्ली प्रेसच्या काकांकडे.

7 नोव्हेंबर, शुक्रवार

अंबडच्या कंपनीतून निवृत्त झालेले इन्स्ट्रुमेंटचे काका दिवाळीआधीपासून येत नव्हते. ऑक्सिजन मशीन समजणारे ते एकटेच. फोनवर "तब्येत" म्हणाले. आया मावशी त्यांच्या घरावरून जातात, त्यांनी खरं कारण आणलं: रिक्षा-बसचा खर्च. खासगी कंपनीतल्या माणसाला ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन. तिची किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपयेच आहे, आणि त्यांना त्याहून फार जास्त मिळत नाही. प्रेस, बँक, एचएएलमधल्यांशेजारी बसून ते हे कसं बोलणार?

आजपासून येणाऱ्या प्रत्येकाला प्रवासखर्चाचं पाकीट. सगळ्यांना सारखं, व्हाउचरवर सही करून. ज्याला नको त्याने ते पेटीत न टाकता रीतसर देणगी द्यावी आणि पावती घ्यावी. कुणाला हवं आणि कुणाला नको हे टेबलावर दिसता कामा नये. बँकेतल्या काकांनी पहिलं पाकीट स्वतः घेतलं, सगळ्यांसमोर, आणि खिशात ठेवलं. त्यांचे मी मनापासून आभार मानते.

याच आठवड्यात हयातीचे दाखले. आपले फाउलर बेड ज्यांच्या घरी आहेत त्यांतल्या अनेकांना पेन्शन आहे आणि बँकेत जाणं शक्य नाही. जीवन प्रमाणच्या अॅपवर चेहरा दाखवून घरूनच दाखला होतो. मुलांना वेळ नाही किंवा माहीत नाही. बँकेतले काका आणि बाई रोज एक-दोन घरं करत आहेत. चेहऱ्यावर उजेड पडेल असा पलंग खिडकीकडे वळवावा लागतो, एवढीच खटपट.

22 नोव्हेंबर, शनिवार

इन्स्ट्रुमेंटचे काका आले. ऑक्सिजन मशीनवर पूर्ण दिवस.

आतमध्ये झिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. मशीन महिनोन्‌महिने बंद पडून राहिलं की दाण्यांत ओलावा बसतो. मग मशीन सुरू होतं, आवाज नेहमीसारखा येतो, नळीतून वारा येतो, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. हेच भयंकर आहे. घरच्यांना वाटतं रुग्णाला ऑक्सिजन चालू आहे. काकांनी ओळखीतून ऑक्सिजन मोजायचं मीटर आणलं होतं. जिथे 90 टक्क्यांच्या पुढे आकडा हवा तिथे काही मशीन बरीच खाली राहिली. ती लगेच बाजूला, लाल रंगाची फुली. चांगली निघालेली आता आलटून पालटून ठरावीक दिवशी चालवायची, जाळी धुवायची, आकडा लिहायचा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय एकही मशीन जाणार नाही, आणि घेणाऱ्यासमोर मीटर लावूनच जाईल. स्वतःचं मीटर घेण्यासाठी देणगीदार शोधते आहे.

13 डिसेंबर, शनिवार

फिटर काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे जाणार, निदान दीड महिना. त्याआधी सातपूरच्या आयटीआयमधली दोन मुलं शनिवारी यायला लागली आहेत. काका शिकवताना हत्यार स्वतःच्या हातात घेत नाहीत. मुलगा चुकतोय हे दिसत असतं, आम्हालाही दिसतं, पण काका पुढचा प्रश्न विचारतात आणि थांबतात. आज एकाने फाउलर बेडचा जाम झालेला स्क्रू तेल देऊन, मागे-पुढे करत, न तोडता सोडवला. काकांनी दुरुस्तीच्या वहीत त्याच्या हाताने नोंद लिहायला लावली, तारीख आणि नंबर घालून.

कार्यकारिणीचा निर्णय आला: गावात वापरात असलेली वस्तू जागेवरच दुसऱ्या गरजूच्या नावे करता येईल, अनामत माफ करता येईल, मात्र दोन स्वयंसेवकांच्या सह्या हव्यात. दोघांच्या सह्यांची अट बँकेतल्या काकांनी सुचवली, एसटी काकांनी लगेच मान्य केली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघं मिळून पेठला जाणार आहेत. खुर्चीची पुढची चाकं बदलायची आहेत, आणि त्याच गावातून दोन वॉकरची मागणी आली आहे. मनगटाची मापं बाईंनी फोनवर घेऊन ठेवली आहेत.